‘रग्बी लीग खेळला’ की ‘रग्बी लीगमध्ये खेळला’?

हॅरल्ड वॅगस्टाफ या जुन्या इंग्लिश खेळाडूविषयी लिहिताना ‘तो रग्बी लीग खेळला’ म्हणावे की ‘रग्बी लीगमध्ये खेळला’, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते पहिले रूप योग्य आहे. आपण कबड्डी खेळतो, पण प्रो कबड्डीमध्ये खेळतो. खेळाचे नाव ‘खेळणे’ या क्रियापदाचे सरळ कर्म होते, तर स्पर्धेच्या नावाला ‘मध्ये’ जोडावे लागते. आयपीएलमुळे ‘लीग’ म्हणजे स्पर्धाच असे आपल्या कानांना वाटू लागले असले, तरी रग्बी लीग हा रग्बी युनियनहून (पंधरा खेळाडूंच्या मूळ रग्बीहून) वेगळा, स्वतंत्र खेळ आहे.

सामन्यापायी बुडणाऱ्या मजुरीची भरपाई कामगार खेळाडूंना मिळावी की नाही, या वादातून उत्तर इंग्लंडमधील क्लब १८९५ साली मूळ रग्बी संघटनेतून बाहेर पडले आणि हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात त्यांनी नॉर्दर्न युनियन ही वेगळी संस्था स्थापन केली; तिचाच खेळ पुढे रग्बी लीग म्हणून ओळखला गेला. १९०६ मध्ये त्यांनी संघातील खेळाडू पंधरावरून तेरा केले, आणि त्याच वर्षी पंधरा वर्षांचा वॅगस्टाफ हडर्सफील्ड क्लबकडून मैदानात उतरला. संस्थेच्या नावात ‘लीग’ आले ते १९२२ साली. त्यामुळे ४ जुलै १९१४ च्या सिडनी कसोटीबद्दल लिहिताना ‘नॉर्दर्न युनियनचा संघ’ म्हणणेच काटेकोर ठरेल. त्या सामन्यात जायबंदी खेळाडूंच्या जागी बदली उतरवण्याची सोय नव्हती. काही काळ दहाच जण मैदानावर उरले, तरीही कर्णधार वॅगस्टाफच्या संघाने ऑस्ट्रेलियाला १४-६ असे हरवले. त्याच्याकडून चेंडू मिळालेल्या जॉन्सनने तो हातात न ठेवता पायाने ढकलत नेऊन गुण मिळवले, हा प्रसंग आजही सांगितला जातो.

‘मध्ये’ सर्वत्र चुकीचा आहे असे मात्र नाही. हडर्सफील्डने १९१४-१५ च्या हंगामात चारही करंडक जिंकले, त्यांपैकी एक यॉर्कशायर लीगचा होता. ती खरोखरच स्पर्धा असल्याने ‘यॉर्कशायर लीगमध्ये खेळला’ हे बिनचूक आहे. ‘रग्बी लीगमध्ये त्याने नाव कमावले’ हेही चालेल, कारण तेथे क्रियापद वेगळे आहे.

१९२५ मध्ये निवृत्त झाल्यानंतरच्या त्याच्या कामाविषयी ‘रग्बी लीगचा प्रशिक्षक’ असे लिहिल्यास तो जणू संपूर्ण स्पर्धेचाच प्रशिक्षक वाटतो. त्याऐवजी ‘हॅलिफॅक्स आणि ब्रॉटन रेंजर्स या रग्बी लीग संघांचा प्रशिक्षक’ असे लिहावे.