वाचकांचे प्रश्न : छोट्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर बदलताना कूलर कोणता घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे अ‍ॅसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० आहे. त्यातील रायझन ३ ३२००जी काढून व्हिडिओ संकलनासाठी रायझन ७ ५७००जी बसवायचा आहे. दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचेच असल्याने विक्रेत्याने पूर्वी बसवून दिलेला छोटा अ‍ॅल्युमिनियमचा कूलर पुढेही चालेल का, की नव्या प्रोसेसरच्या खोक्यात येणारा वापरावा? उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि संगणकाच्या खोलीत एसी नाही.
— एक वाचक, अकोला

उत्तर : खोक्यातील कूलरचा विचार सोडून द्या. ५७००जीबरोबर मिळणारा रेथ स्टेल्थ ५४ मिलिमीटर उंच आहे आणि आपल्या कॅबिनेटमध्ये जास्तीत जास्त ४६ मिलिमीटर उंचीचा कूलर मावतो, म्हणजे झाकण लागणारच नाही. एवढ्या लहान संगणकाच्या बाबतीत कूलर किती उष्णता वाहून नेतो हा प्रश्न नंतरचा. आधी उंची पाहावी, आणि तीसुद्धा पंख्यासह मोजलेली.

६५ वॉट या आकड्यावर मात्र विसंबू नये. एएम४ सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचा एएमडीचा एक प्रकार) ६५ वॉट गटातील ५७००जीला मूळ मांडणीत ८८ वॉटपर्यंत वीज ओढण्याची मुभा असते. चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) ३२००जी रोजच्या कामात एवढा ताण घेत नाही. आठ कोअर आणि सोळा थ्रेडचा (एका वेळी सोळा कामे हाताळणारा) ५७००जी मात्र व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे संकलित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करताना, ती मुभा पुरेपूर वापरतो, आणि रेंडरिंग तासभर चालले तर तासभर वापरत राहतो. त्यामुळे सध्याचा कूलर टंकलेखन, ब्राउझर यांसाठी कदाचित पुरेल, पण आपल्या कामाला पुरणार नाही.

उंचीत बसणारे दोन कूलर मला विचारात घेण्याजोगे वाटतात : नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम४, ज्याची उंची ३७ मिलिमीटर आहे, आणि थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स३६, जो ३६ मिलिमीटरचा आहे. थर्मलराइटचाच एक्स४७ अधिक ताकदीचा आहे, परंतु त्याची उंची ४७ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेपेक्षा एक मिलिमीटर जास्त. ‘एवढ्याने काय होते’ म्हणून तो घेऊ नये. पंखा आणि झाकणाची जाळी यांच्यात थोडी मोकळी जागा राहिली नाही तर हवा नीट ओढली जात नाही आणि आवाजही वाढतो. ३७ मिलिमीटरच्या कूलरवर ९ मिलिमीटर मोकळे राहतात, हे त्या दृष्टीने चांगलेच आहे.

आता अकोल्याच्या उन्हाळ्याकडे वळू, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली आणू शकत नाही. तो फक्त दोहोंतील फरक आटोक्यात ठेवतो, आणि भार तोच असेल तर तो फरक साधारण तेवढाच राहतो. समजा, २४ अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचणीत एखाद्या कूलरखाली प्रोसेसर ८० अंशांवर राहिला, तर ४२ अंशांच्या खोलीत त्याच हिशेबाने तो ९८ वर जाईल. ५७००जीची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. ती गाठली की तो स्वतःच वेग कमी करतो. थंड खोलीत केलेल्या परदेशी चाचण्यांचे आकडे वाचताना ही बेरीज करायला विसरू नये.

म्हणून माझा आग्रह असा, की ३७ मिलिमीटरचा कूलर घ्यावा आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या मांडणीत) प्रोसेसरची वीजमर्यादा ४५ वॉटवर आणावी. ५७००जीसाठी ४५ ते ६५ वॉट ही कक्षा एएमडीनेच दिलेली आहे, त्यामुळे यात आडमार्गाचे काही नाही. रेंडरिंगला थोडा जास्त वेळ लागेल, पण एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात फरक जाणवणार नाही, आणि मे महिन्यातही संगणक एकसारख्या वेगाने चालेल. हिवाळ्यात मर्यादा पुन्हा ६५ करता येईल.

जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करून घ्यावे. जुन्या बायोसला ५७००जी ओळखता आला नाही तर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

प्रश्न : कूलर ओढताच प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटबाहेर आला आणि काही पिना वाकल्या. हे कसे टाळावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि त्याला वरून दाबून धरणारी चौकट नसते. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावलेली उष्णतावाहक पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर सॉकेटचा खटका लावलेला असूनही प्रोसेसर उपटून येतो. यासाठी संगणक आधी दहा-पंधरा मिनिटे एखाद्या जड कामावर चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून वायर काढावी आणि स्क्रू सोडवावेत. त्यानंतर कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे अगदी थोडा फिरवत राहावा. पकड सुटल्याचे हाताला कळते, तेव्हाच तो उचलावा.

वाकलेल्या पिना जाड प्लॅस्टिक कार्डाची कडा रांगेतून हलकेच सरकवून सरळ करता येतात. प्रोसेसर सॉकेटमध्ये स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. बोटाने दाबावे लागत असेल तर एखादी पीन अजून वाकडी आहे.