हेलिक्स (कानाची वरची कड) टोचून तीन आठवडे झाले. दिवसातून चार वेळा धुते, तरी पिवळं येतं आणि शेजारी गाठ आली आहे. काढून टाकू का?

काढू नका. निदान आज तरी नाही. आणि प्रत्येक वेळी धुताना बार, म्हणजे भोकातली दांडी, गोल फिरवता असं जे लिहिलं आहे, ते मात्र आत्तापासून बंद करा.

मी डॉक्टर नाही, टोचणारीही नाही. माझ्या अंगावर अशी सहा भोकं आहेत आणि त्यातल्या दोघांनी मला वर्षभर छळलंय, एवढाच माझा अधिकार. तुम्ही दिलेली लक्षणं अशी : सकाळी दांडीभोवती पिवळी खपली, भोकाच्या अगदी कडेला मुगाएवढी लालसर गाठ, दाबलं तर दुखतं पण एरवी नाही, ताप नाही, वास नाही. यावरून मला भोक पिकलंय असं वाटत नाही. ते चिडलंय. आणि चिडवणारा हात बहुतेक तुमचाच आहे, रागावू नका. माझाही तोच होता.

आधी त्या पिवळ्याबद्दल. जखमेतून येतं ते सगळं पू नसतं. पातळ, पारदर्शक किंवा फिकट पिवळी असते ती लस. ती हवेवर वाळली की दांडीभोवती डिंकासारखी कडक होऊन बसते. ती येणं म्हणजे काम चालू असल्याची खूण, आणि कूर्चेच्या, म्हणजे कानाच्या वरच्या ताठ पण लवचीक भागाच्या, भोकात ती काही महिने अधूनमधून येत राहते. पू वेगळा : दाट, गढूळ, पिवळा-हिरवा, बहुधा वास मारणारा, आणि त्याच्या जोडीला ठणका. रात्री झोपमोड करणारा ठणका. हात न लावताही दुखत असेल, तर मामला वेगळा.

आता फिरवण्याबद्दल. 'फिरवलं नाही तर कातडी चिकटेल' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. कातडी धातूला चिकटत नाही, चिकटते ती वाळलेली लस. टोचलेलं भोक हा एक बोगदा आहे. कातडी त्याच्या दोन्ही तोंडांकडून आत आत वाढत जाते आणि हळूहळू एक नळी तयार होते. ही नवी कातडी आधी अगदी पातळ असते. तुम्ही बार फिरवता तेव्हा बाहेरची कडक खपली दाणेदार कागदासारखी आत ओढली जाते आणि रात्रभर विणलेलं सकाळी फाटतं. शरीर पुन्हा लस पाठवतं, तुम्हाला ती दिसते, तुम्ही घाबरून आणखी धुता आणि आणखी फिरवता. माझं हे चक्र चार महिने चाललं होतं.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती तुमच्यासारखीच आहे. हेलिक्स टोचल्यावर मी दिवसातून पाच वेळा अँटिसेप्टिक द्रवानं कान पुसायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मागच्या बाजूला गाठ आली. मग मी इंटरनेटवरचा प्रत्येक उपाय केला : टी ट्री ऑइल, अ‍ॅस्पिरिन कुटून लावलेला लेप, हायड्रोजन पेरॉक्साइड. गाठ तशीच राहिली, भोवतीची कातडी मात्र सोलून निघाली. शेवटी एका अनुभवी पिअर्सरला, म्हणजे टोचणारीला, दाखवलं. तिनं औषध विचारलंच नाही. कान बाजूनं बघितला, बोटानं बार हलवला आणि विचारलं, "याच कुशीवर झोपतेस ना?" बार होता 10 मिलिमीटरचा. टोचल्यावर सूज येते म्हणून सुरुवातीला लांब बार घालतात, ते बरोबरच. पण सूज उतरल्यावर तो बदलायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लांब दांडी उशीवर दाबली गेली की तिरकी होते आणि भोकाची कड रात्रभर एकाच बाजूनं रेटत राहते. गाठ बरोबर त्याच बाजूला होती! तिनं 6 मिलिमीटरचा बार घातला आणि सलाइन सोडून बाकी सगळं बंद करायला लावलं. पाच-सहा आठवड्यांत गाठ बसली.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न तोच : बार किती मोकळा आहे? चकती आणि कान यांच्यामध्ये भरपूर दांडी उघडी दिसत असेल आणि सूज उतरली असेल, तर तो छोटा करून घ्यायची वेळ जवळ आली आहे. हेलिक्सला साधारण चार ते आठ आठवड्यांत हे करतात. स्वतः करू नका. नव्या भोकातून दांडी निसटली तर परत घालताना जो छळ होतो तो मी पाहिलाय. उलट चकती कातडीत रुतायला लागली असेल, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी जाऊन लांब बार घालून घ्या.

साफसफाई आता किती आणि कशी करायची? दिवसातून दोन वेळा, बस्स. आधी हात साबणानं धुवायचे. मग निर्जंतुक सलाइनचा फवारा पुढून आणि मागून मारायचा. लेबलवर सोडियम क्लोराइड 0.9% आणि पाणी एवढंच हवं. कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी किंवा नाकात घालायचे थेंब नकोत, त्यात आणखी काहीबाही असतं. फवारल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं थांबायचं. ही दोन मिनिटंच सगळं काम करतात : डिंक मऊ होतो, पांढरट होऊन सैल पडतो. मग गॉजच्या घडीचा कोपरा चकतीच्या खालून हलकेच फिरवायचा. जेवढं सुटून येईल तेवढं घ्यायचं, जे येत नाही ते उद्या येईल. नखानं खरवडायचं नाही. कापसाच्या काड्या वापरत असाल तर त्याही सोडा, त्यांचे तंतू दांडीभोवती गुंडाळले जातात आणि मग तेच टोचत राहतात. शेवटी कोरडं करा. हे बरेच जण विसरतात. चकतीच्या मागे ओल राहिली की कातडी भिजून पांढरी पडते आणि गाठीला आयतं निमित्त मिळतं. मी हेअर ड्रायरची थंड हवा अर्धा मिनिट लावते. टॉवेल नको. त्याचे धागे बारमध्ये अडकून बसलेला तो एक झटका आठवला की अजून डोळ्यांत पाणी येतं.

तुम्ही घरी मिठाचं पाणी करता असं लिहिलंय. 0.9 टक्के म्हणजे लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे 250 मिलिलिटरला सव्वादोन ग्रॅम. अंदाजानं चमचा घातला की हे सहज दुप्पट होतं, आणि खारट पाणी कातडी सुकवून भेगाळतं. शिवाय ते पाणी आणि भांडं निर्जंतुक नसतं. पिअर्सर मंडळींची असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्स ही 1994 सालापासूनची संस्थाही आता घरच्या मिश्रणाऐवजी तयार निर्जंतुक सलाइनच वापरायला सांगते. फवाऱ्याचा बंद डबा घेतलेला बरा, उघडी बाटली फार काळ निर्जंतुक राहत नाही. अँटिसेप्टिक द्रव, स्पिरिट, पेरॉक्साइड, बीटाडीन हे सगळं बाजूला ठेवा. ही औषधं जंतूंबरोबर नव्यानं तयार होणाऱ्या पेशीही मारतात. मलमं तर अजिबात नकोत : भोकाचं तोंड चिकटाईनं बंद होतं, हवा लागत नाही, आणि निओमायसिनसारख्या घटकाची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. मग पुरळ उठतं आणि आपल्याला वाटतं इन्फेक्शनच वाढलं.

तीन आठवड्यांत बरं का होत नाही, याचं उत्तर जागेत आहे. कानाची पाळी मऊ, रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती सहा-आठ आठवड्यांत भरते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरचं पातळ आवरण जे झिरपवेल त्यावर ती जगते. म्हणून हेलिक्सला सहा महिने ते वर्ष लागतं. त्यात फसवणूक अशी की बाहेरची तोंडं आधी भरतात. तिसऱ्या महिन्यात सगळं छान दिसतं, आपण हौसेनं बाळी घालतो, आणि आतली अर्धी विणलेली नळी पुन्हा फाटते. मला याचा दोनदा अनुभव आहे. एकदा पुरला नाही.

याच कारणानं कूर्चेत खरं इन्फेक्शन झालं तर ते अंगावर काढू नये. तिथं सूडोमोनास नावाचा जंतू वारंवार सापडतो. ओलसर जागा त्याला आवडतात, आणि साध्या जखमेला दिली जाणारी बरीच अँटिबायोटिक्स त्याच्यावर चालत नाहीत. म्हणून घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. ओळखायची एक खूण : कानाचा वरचा भाग लाल, गरम, सुजून घट्ट होतो आणि पाळी मात्र जशीच्या तशी राहते, कारण पाळीत कूर्चा नसते. असं दिसलं, किंवा ताप, वाढत जाणारा ठणका, दाट पू, भोकापासून दूर पसरणारी लाली यातलं काही असलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर कूर्चा मरते आणि कानाचा आकारच चुरगळतो. तेव्हाही दागिना आपल्या मनानं काढू नका. बाहेरचं तोंड मिटलं तर पू आत कोंडतो. काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. मधुमेह, हृदयाच्या झडपेचा त्रास किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर इतकी लक्षणं दिसायची वाटही बघू नका.

तुमची मैत्रीण गाठीला 'केलॉइड' म्हणाली. तीन आठवड्यांत केलॉइड सहसा येत नाही, त्याला बहुधा काही महिने लागतात. तो जखमेची हद्द ओलांडून वाढत जातो, कडक असतो, आणि बार बदलून बसत नाही. तुमची गाठ भोकाला चिकटून आहे, ओलसर आहे, एक दिवस कमी-एक दिवस जास्त होते. हा चिडचिडीचा फोड. घरात कुणाला केलॉइडचा इतिहास असेल तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून ठेवा.

धातूबद्दल एक विचारून घ्या. 'सर्जिकल स्टील' या शब्दांवर भागत नाही, स्टीलमध्ये निकेल असतं आणि ते कातडीत किती उतरतं हा खरा मुद्दा. युरोपात टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियमच आहे. भोकाभोवती दुखण्यापेक्षा खाज जास्त असेल, बारीक पुरळ असेल, तर आधी धातूवर संशय घ्या. इम्प्लांटच्या दर्जाचं टायटॅनियम, जे एएसटीएम एफ136 या मानकात बसतं, ते सगळ्यात निवांत. सोनं चालतं, पण 14 कॅरट किंवा वर आणि निकेल नसलेलं. मुलामा नको.

तुम्हाला पुढच्याच महिन्यात नाक आणि बेंबीही करायची आहे. थांबा हो! शरीराला एका वेळी एकच दुरुस्ती द्या. नाकपुडीला चार ते सहा महिने लागतात आणि दागिना निघाला तर आतलं तोंड काही तासांतही आवळतं. बेंबीला सहा महिने ते वर्ष, आणि तिथला शत्रू म्हणजे कमरपट्टा. कुठंही करा, सुईनं करा, गननं नको. गनमधली बोथट कुडी कूर्चेला भोसकते कमी आणि चेचते जास्त, आणि प्लॅस्टिकच्या गनला ऑटोक्लेव्हची, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, वाफ सोसत नाही.

रोजच्या जगण्यातलं थोडं. आंघोळीत केस आधी धुऊन घ्या, शाम्पूचा फेस कानामागून नीट निघू द्या आणि सलाइन सगळ्यात शेवटी. पोहणं काही महिने बंद. फोन दुसऱ्या कानाला, मोठे हेडफोन तूर्त कपाटात. झोपताना प्रवासात गळ्यात घालतात ती गोल उशी घ्या आणि कान तिच्या मधल्या भोकात सोडा. पहिल्या रात्री विचित्र वाटतं, तिसऱ्या रात्री कळतं की आपण इतके दिवस कानावर किती वजन टाकत होतो.

हे सगळं दोन-तीन आठवडे करून गाठ तिळभरही हलली नाही, तर टोचणाऱ्याला भोकाचा कोन बघायला सांगा. आरशासमोर बाजूनं उभ्या राहून तुम्हालाही दिसेल : बार कानाला काटकोनात आहे की कलंडलेला? टोचतानाच भोक तिरकं गेलं असेल तर कोणतंही सलाइन ते सरळ करत नाही. तेव्हा मात्र दागिना काढायचा, भोक पूर्ण बुजू द्यायचं, आणि काही महिन्यांनी शेजारी नव्यानं टोचायचं. माझं दुसरं छळणारं भोक असंच गेलं. आता तिथं फक्त एक बारीक ठिपका आहे.