आधी आठवडाभर प्रेक्षक हो

चि. पोरी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, प्रश्न मात्र जुनेच आहेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या आठवड्यात रोज आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात यायचं का, हा एक. आणि पुण्याला नाटक शिकायला जायच्या आधी मराठी उच्चार कसे सुधारायचे, हा दुसरा. दुसऱ्याकडे नंतर येते. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: ये, आणि सगळ्या संध्याकाळी ये.

'चांगली वाटतील ती दोन-तीन निवडून बघेन' असं लिहिलंयस. कोणतं चांगलं हे आधी कळणार कसं? संघाच्या नावावरून? ओळखीच्यांचं आहे म्हणून? प्राथमिक फेरीची खरी गंमतच ही की एका संध्याकाळी एक नाटक होतं, दुसऱ्या संध्याकाळी त्याच रंगमंचावर दुसरा संघ उभा राहतो. सभागृह तेच, परीक्षक तेच. पैशाची ओढाताणही थोड्याफार फरकाने सारखीच, कारण सगळेच नोकरी-धंदा सांभाळून रात्री तालमी करणारे हौशी. त्यामुळे फरक पडतो तो कामाने, आणि तो डोळ्यांना दिसतो. मुंबईचं गाजलेलं नाटक दौऱ्यावर येतं तेव्हा तसं होत नाही. तिथे नावाजलेला चेहरा असतो, ट्रकभर नेपथ्य असतं, वर्षभराच्या प्रयोगांनी घोटलेलं सगळं असतं. आपण दिपून घरी जातो आणि कशाने दिपलो ते सांगता येत नाही. तेही बघ, पण शिकायला हा आठवडा बरा.

एखादं नाटक रटाळ निघेल. मध्यंतरात चहाला गेलेली निम्मी माणसं परत येणार नाहीत. तू उठू नकोस. पडणारं नाटक नेमकं कोणत्या जागी पडलं ते शोध. सोपी खूण सांगते, प्रेक्षकांचा खोकला ऐक. नाटक पकडीत असतं तेव्हा दमेकरीसुद्धा खोकला गिळून बसतो. पकड सुटली की आधी एक खोकतो, मग खुर्च्या करकरतात, मग मोबाइलचे उजेड दिसू लागतात. पहिला खोकला आला तेव्हा रंगमंचावर काय चाललं होतं? बहुतेक वेळा कुणीतरी आपल्याला आधीच कळलेली गोष्ट पुन्हा समजावून सांगत असतं.

आता मुख्य गोष्ट. या आठवड्यात बोलणाऱ्या नटाकडे बघू नकोस. अगदीच बघू नकोस असं नाही, नजर तिकडे जाणारच. पण मुद्दाम ओढून ती न बोलणाऱ्याकडे ने. आपल्या हौशी रंगभूमीचं दुखणं तिथे आहे असं माझं मत आहे, आणि ते मी पुष्कळांना नकोसं होईपर्यंत सांगितलंय. नट आपलं वाक्य टाकतो आणि मोकळा होतो. मग समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत उभा. डोळे विझलेले, हात पदराशी किंवा सदऱ्याच्या बटणाशी, काहींचे तर समोरच्याच्या संवादाबरोबर ओठ हलतात, कारण सगळ्यांचीच वाक्यं पाठ झालेली असतात. क्यू मिळाला की परत दिवा लागतो. तालमीत याला कुणी हटकत नाही, कारण तालमीत सगळ्यांचं लक्ष बोलणाऱ्यावर असतं.

याउलट एखादी बाई दिसेल, तिला नाटकभरात दहा-बारा वाक्यं असतील. मुलगा घर विकायचं म्हणतोय आणि ती तांदूळ निवडतेय. पहिल्या वाक्याला हात चालू असतात. 'घर' शब्द आला की हात थांबत नाहीत, पण खडा उचलायचा सोडून ती तांदूळच उचलून टाकते. हे दिग्दर्शकाने सांगून होत नाही. ती खरंच ऐकत असते म्हणून होतं. स्पर्धेत अभिनयाची रौप्यपदकं असतात, गुणवत्ता प्रमाणपत्रं असतात, अशा बाईला ती मिळतीलच असं नाही. पण तू तिला ओळखलंस तर तुझा आठवडा वसूल झाला.

रोज रात्री घरी गेल्यावर झोपायच्या आधी एवढंच लिही: आज कोण ऐकत होतं, आणि कशावरून कळलं. नाटक चालू असताना वहीत काही लिहायचं नाही. अंधारात लिहिणारे लोक नाटक सोडून वहीच बघत बसतात.

ऐकण्याचा सगळ्यात जुना धडा मात्र नाट्यगृहात मिळायचा नाही. शाहिराच्या मागे उभा राहून सूर धरणारा झीलकरी बघ. शाहीर वीररसात पेटलेला, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे, आणि हा मागून 'जी जी रं जी' ओढतो. त्याचं कामच ऐकण्याचं. शाहिराचा श्वास कुठे तुटणार ते त्याला आधी कळावं लागतं. आपल्या गावात नाटकाचं काय आहे म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना सांग, रामजोशी सोलापूरचे. पेशवाईतला, पुराणिकांच्या घरातला माणूस, घरचा विरोध पत्करून तमाशाच्या फडात उतरला, लावण्यांनी गाजला, आणि पुढे कीर्तनालाही उभा राहिला. मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. फड आणि कीर्तन, दोन्हीकडचा श्रोता वेगळा. दोन्हीकडे टिकायचं म्हणजे समोरच्यांची नाडी ऐकू यायला हवी. (या जिल्ह्यात आजही अकलूजच्या लावणी स्पर्धेची कीर्ती आहे, पण 'नाटकवाली' मंडळी ती बघायला जात नाहीत. का जात नाहीत हे त्यांना विचारायची माझी फार इच्छा आहे.)

आता उच्चार. तू लिहिलंयस, 'मावशी, माझं मराठी ऐकून कॉलेजात हसतात.' हसू देत. दोन गोष्टींवर काम कर आणि बाकीच्यांना हात लावू नकोस. तुझे महाप्राण हलके पडतात. 'घर'मधला घ, 'धरण'मधला ध हे छातीतून यायला हवेत. त्यासाठी रोज सकाळी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाच, पंधरा मिनिटं पुरेत, आणि तोंडापुढे हाताचा तळवा धर. हवा लागली की बरोबर. दुसरं लिंग. घरी तेलुगू बोलणाऱ्या बहुतेकांची तिथे गडबड होते. नवा शब्द शिकताना 'तो, ती, ते' लावूनच पाठ कर. बाकी तुझ्या बोलण्याला जो हेल आहे तो आपल्या शहराच्या तेलुगू वस्तीचा, पूर्व भागाचा आहे, तो राहू दे. एखाद्या भूमिकेला नको असेल तेव्हा बाजूला ठेवता येतो. स्पर्धेत तुला दिसेलच, आपलेच संघ सोलापूरच्या गल्लीतलं नाटक करतात आणि सगळी पात्रं सदाशिव पेठेत वाढल्यासारखी बोलतात. माझं तर तिथेच लक्ष उडतं.

आणि ज्याची तुला लाज वाटते तीच तुझी शिदोरी आहे. घरी अम्माशी तेलुगू, शेजारच्या आज्जीशी मोडकं कन्नड, कॉलेजात मराठी, रिक्षात हिंदी. दिवसभर तू समोरचा काय बोलला हे ऐकून, तोलून, मग कोणत्या भाषेत उत्तर द्यायचं ते ठरवतेस. ज्यांच्या घरीदारी एकच भाषा असते त्यांना ही सावधपणाची सवय अभिनयाच्या वर्गात जाऊन लावून घ्यावी लागते.

ज्या सभागृहात तू येणार आहेस त्याच्या नावामागचे चार हुतात्मे आठव. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. नुसती नावं मोठ्याने वाचलीस तरी हे गाव कसं आहे ते ऐकू येतं. आणि गायिका-अभिनेत्री फैयाज याच गावच्या. मराठी संगीत रंगभूमीवर त्यांनी स्वतःची गादी तयार केली, २०१५ साली बेळगावच्या ९५ व्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. तुला सगळे अतुल कुलकर्णींचं उदाहरण देत असतील, आणि ते खरंच आहे, पण ते देताना लोक थेट दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयापासून सुरुवात करतात. त्याआधी ते इथल्या 'नाट्य आराधना' या संस्थेत काम करत होते हे सांगायचं राहून जातं.

मराठी नाटकाचा जन्म तरी कुठे एका भाषेत झालाय? कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली, ते पाहून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. ५ नोव्हेंबरला आपण नटराजाची पूजा करून रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याचा. म्हणून एक जादा काम सांगते. आपली सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरते त्याच सुमाराला, पौषात, बदामीजवळ बनशंकरीची जत्रा असते. तिथे कन्नड नाटक कंपन्या तंबू ठोकून मुक्काम करतात आणि लोक रात्र रात्र तिकीट काढून बघतात. सोलापूरहून विजापूरमार्गे गदगकडे जाणारी गाडी बदामीला थांबते. कधीतरी घरच्यांबरोबर जाऊन ये. विनोद भडक असतो, गाणी कर्कश असतात, पण शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज कसा पोचवायचा ते तिथे कळेल.

पडद्यामागचं थोडक्यात सांगते, कारण ते करूनच कळतं. सकाळी संघाचा टेम्पो येतो तेव्हा एकदा मागच्या दाराशी ये. नेपथ्याच्या लेव्हल (लाकडी चौथरे) उतरवायला, फ्लॅट (भिंतीच्या चौकटी) धरायला हात हवेच असतात, कुणी नाही म्हणत नाही. प्रयोग चालू असताना विंगेत रेंगाळायचं नाही, कुणाच्या तरी एंट्रीच्या वाटेत येशील. तुला प्रेक्षक दिसत असतील तर प्रेक्षकांना तू दिसतेस, एवढं ध्यानात ठेव. ब्लॅकआऊटमध्ये हलू नकोस. आणि प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र कसं दिसतं ते कुणाकडून तरी मागून बघ. पुढे स्वतःचं नाटक लिहिशील तेव्हा संहिता तिथे पाठवावी लागेल, आणि ऐनवेळी धावपळ करणारे संघ दरवर्षी असतात.

जागा रोज बदल. एक दिवस पुढे बस, तिथून चेहरे दिसतात. एक दिवस अगदी शेवटच्या रांगेत, तिथून दिग्दर्शन दिसतं. आणि प्रयोगानंतर बाहेर चहाच्या गाड्यावर परीक्षकांनी कुणाला डावललं याची जी चर्चा रंगते तिच्यात पडू नकोस. चहा पी, ऐक, ये. निकालापर्यंत ती चर्चा तशीच चालते आणि निकालानंतर जास्त जोरात.

तुझ्या घरच्यांचं. अकराला घरी पोचणं हा पूर्व भागात प्रश्नच आहे, मला माहीत आहे. एकटीने शेअर रिक्षात बसायचं नाही. तुमच्याच बाजूला राहणाऱ्या दोन मुली यंदा एका संघात आहेत, त्यांच्याबरोबर जा, मी दोघींशी बोलून ठेवलंय. अम्माला एक दिवस घेऊन ये. विड्या वळणाऱ्या बाईची संध्याकाळ फुकट जाणं म्हणजे काय ते मला सांगायला नको, म्हणून आधी तिला विचारून दिवस ठरव. ती 'मला मराठी नाटक काय कळणार' म्हणेल. तरी आण. तिच्या शेजारी बसून नाटक बघ आणि ती कुठे तोंडाला पदर लावते ते बघ. परीक्षकांच्या गुणांपेक्षा मला तो आकडा जास्त विश्वासाचा वाटतो.

पुण्याला जायचं ठरलंय तर जा. त्यावर माझं काही म्हणणं नाही. फक्त तिथे प्रवेशाच्या वेळी 'तुम्ही काय पाहिलंय' असं विचारतात, आणि बहुतेक मुलं सिनेमांची आणि मोबाइलवर पाहिलेल्या नाटकांची नावं सांगतात. तू या आठवड्यातली नाटकं सांग, पडलेलीसुद्धा, कुठे पडली त्यासकट.

आमचा प्रयोग गुरुवारी आहे. सकाळी नऊला मागच्या दाराने आत ये. तीन नऊवारी आणि एक शालू इस्त्री करायचाय, शालूची जर जळू द्यायची नाही. नेसवायला मी आहेच. डबा आणू नकोस, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांपुरती करून आणते. संध्याकाळी तुझं तिकीट माझ्याकडे असेल, पण पहिल्या रांगेचं मागू नकोस, ती परीक्षकांच्या पुढची आहे आणि तू मान फार हलवतेस.

तुझी,
मावशी