मी देव मानतो. मग कथेसाठी नवा धर्म, नवे देव रचले तर ती श्रद्धेशी प्रतारणा होईल का?

मी रोज प्रार्थना करणारा माणूस आहे आणि काल्पनिक जगातल्या कथाही लिहितो, तेव्हा अनुभवाचंच सांगतो. नाही होत. कथेतला देव रचलेला आहे हे तुम्हालाही ठाऊक असतं आणि वाचकालाही. त्याची पूजा करा असं तुम्ही कोणाला सांगत नाही.

माझं चुकलं ते भलतीकडेच. पहिल्या कादंबरीत मी एक दर्यावर्दी जमात घेतली होती. रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपापल्या दोरीला त्या दिवसाची एक गाठ मारायची आणि माणूस गेला की त्याची दोरी समुद्रात सोडायची, असा त्यांचा धर्म. इथवर ठीक होतं. पण माझ्या खऱ्या देवाला धक्का लागू नये या धास्तीने मी त्यांचे सगळे पुजारी लबाड केले आणि सगळे भक्त भाबडे. खर्डा वाचून एक मित्र म्हणाला, "अरे, तू स्वतः एवढा भाविक, आणि तुझ्या गोष्टीत मनापासून मानणारं एकही माणूस नाही?" यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. देव खोटा म्हणजे भक्तही खोटेच, हे मी गृहीतच धरलं होतं.

मग त्यात एक म्हातारी आली. नवरा वादळात गेलेला, प्रेत सापडलेलं नाही, दोरी घरातच खुंटीला. सोडावी तर तो गेला हे कबूल करायचं, ठेवावी तर पाप. म्हणून ती रोज रात्री त्याच्या वतीने त्याच्या दोरीला गाठ मारते. हे लिहायला मला धर्मशास्त्र लागलं नाही. प्रार्थना करून करून काहीच घडलं नाही, ते माझे दिवस कामाला आले. श्रद्धा म्हणजे आतून किती कंटाळा, किती सवय आणि मधूनच कसं भरून येतं, हे आपल्याला माहीत असतं. ते वापरा. देवांची वंशावळ नंतर करता येते (आणि खरं सांगू का, ती फारसं कोणी वाचत नाही).

इंग्रज कादंबरीकार टॉल्किन निष्ठावान कॅथलिक होते. माणूस निर्मात्याच्या प्रतिमेत घडला म्हणूनच तोही जगं घडवतो, असं त्यांनी परीकथांवरच्या निबंधात म्हटलंय. पण 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या आपल्या प्रसिद्ध कादंबरीतून त्यांनी पूजाविधी जवळजवळ वगळलेच. १९५३च्या एका पत्रात त्यांनी त्याचं कारण दिलंय: धर्म कथेतच मुरलेला आहे. मला ते जमत नाही, मला विधी दिसावे लागतात. याउलट काल्पनिक जगांवर लिहिणारे अमेरिकन लेखक ब्रँडन सँडरसन मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे आहेत, पण २०१०च्या 'द वे ऑफ किंग्ज' कादंबरीतली त्यांची जास्ना देव मानत नाही आणि तरीही ती त्या पुस्तकातल्या सगळ्यात हुशार माणसांपैकी एक आहे.

संकोच मला एकदाच वाटला. म्हातारीच्या तोंडी प्रार्थना लिहिली, फार सहज उतरली. सकाळी वाचतो तर शब्द माझ्याच रोजच्या प्रार्थनेतले. ते मला दुसऱ्या देवाला उसने द्यायचे नव्हते, अगदी नसलेल्या देवालाही नाही. दोन्ही ओळी खोडल्या. तुम्हाला कदाचित त्यात काहीच गैर वाटणार नाही.

आता म्हातारी त्या जागी काही बोलत नाही. नुसत्या गाठी मोजते.