पत्रा मारला की अ‍ॅव्हरेज वाढतं का?

प्रश्न : माझी २०१८ ची बीएस-४ डिझेल गाडी १ लाख १० हजार किलोमीटर झाली आहे. वैभववाडीहून परत येताना करूळ घाटात दबते, मागं काळा धूर सोडते. मेस्त्री म्हणतात, ईजीआरला (जळालेला धूर परत इंजिनात नेणाऱ्या व्हॉल्व्हला) पत्रा मारू, म्हणजे त्याची वाट पत्र्यानं बंद करू, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढेल. मारावा का? – एक वाचक, कळंबा

उत्तर : घाटात तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबता तेव्हा चांगल्या स्थितीतला ईजीआर व्हॉल्व्ह आपणहून बंद असतो. जळालेला धूर थोडा परत इंजिनात घ्यायचा, ज्वलनाचं तापमान उतरवायचं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचे, एवढंच त्याचं काम. तेही हलक्या-मध्यम लोडवर. मग जो आधीच बंद आहे त्याला पत्रा मारून घाटात ताकद येणार कुठून?

तरीही काहींना पत्रा मारल्यावर फरक जाणवतो आणि तो खोटा नसतो. व्हॉल्व्ह काजळीनं अर्धवट उघडा अडकलेला असतो. फुल्ल अ‍ॅक्सिलरेटरलाही धूर आत जात राहतो, ताजी हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं. पत्र्यानं ही गळती थांबते, पण ती साफ केलेल्या व्हॉल्व्हनंही थांबते. शिवाय कॉम्प्युटर ईजीआर उघडल्यावर ताजी हवा किती कमी झाली हे एअरफ्लो सेन्सरवर बघतो. कमी झालीच नाही तर पी०४०१ कोड (ईजीआरमधून पुरेसा धूर जात नाही, ही खूण) येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि काही गाड्या ताकदच कापून टाकतात.

आधी एअर फिल्टर बघा. मग टर्बोपासून (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) इंटरकूलरकडं (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनकडं जाणारे रबरी पाइप हातानं दाबून, खालच्या बाजूनं तपासा. ताजा तेलकट ओघळ दिसला तर तिथं चीर असण्याचा दाट संशय घ्या. काळा धूर आणि दबणारी गाडी म्हटलं की कित्येकदा चोर हाच निघतो, आणि शिक्षा ईजीआरला होते. पाइप ठीक असतील तर व्हॉल्व्ह खोला. कार्बोरेटर क्लीनर आणि नायलॉनच्या ब्रशनं काजळी काढा. मोटर आणि कनेक्टरवर क्लीनर जाऊ देऊ नका, व्हॉल्व्ह बुडवून तर अजिबात ठेवू नका. बसवताना गॅस्केट नवं घाला आणि स्कॅनरवर व्हॉल्व्हचं रीलर्निंग करून घ्या, म्हणजे कॉम्प्युटरला त्याची उघड-बंद स्थिती नव्यानं शिकवा, नाहीतर साफ करूनही कोड परत येतो. कूलंट विनाकारण कमी होत असेल तर ईजीआर कूलरचीही तपासणी करा.

डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही, म्हणून पत्रा तिथं सापडणार नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : पेट्रोल गाडीत पी०४२० कोड (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही, ही खूण) आहे. ८०च्या वर पळत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला तर? – वाचक, शिरोली

उत्तर : कन्व्हर्टर म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारी, सायलेन्सरच्या पाइपातली जाळी. चांगला कन्व्हर्टर फारशी ताकद खात नाही. तुंबलेला मात्र गाडीचा गळा दाबतो. तेव्हा आधी तुंबलाय का ते मोजा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात बॅकप्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेला तर आतली जाळी वितळली आहे किंवा कोसळली आहे. दाब कमी असेल तर पी०४२० मागच्या थकलेल्या सेन्सरमुळं किंवा सायलेन्सरच्या गळतीमुळंही येऊ शकतो.

जाळी आपोआप वितळत नाही. इंजिन मिसफायर होतं, न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं. प्लग, कॉइल आणि इंजिन ऑइल खातंय का, हे न बघता नवा कन्व्हर्टर टाकलात तर तोही जाईल. सरळ पाइपनं अ‍ॅव्हरेज वाढत नाही, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हेच प्रमाण राखत राहतो. उलट वेल्डिंगमध्ये त्या सेन्सरच्या अलीकडं बारीक भोक राहिलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो वाढवून मागतो. जुना कन्व्हर्टर बदललात तर परत मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव मिळतो. ‘काढून टाका’ या सल्ल्यामागं कधीकधी हेही असतं.

प्रश्न : बीएस-६ डिझेल, रोज राजारामपुरी ते शाहूपुरी. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो. – वाचक, राजारामपुरी

उत्तर : एवढ्याशा अंतरात फिल्टर तापतच नाही. साठलेली काजळी जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. आठवड्यातून एकदा महामार्गानं निपाणीपर्यंत जा, खालच्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या वर २०-२५ मिनिटं सलग चालवा आणि दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नका. काजळी जाळण्याची ही सफाई सुरू असताना गाडी बंद केली तर फिल्टर तापवायला जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेपलीकडं चढली असेल तर ऑइल बदला, आणि बदलताना पुस्तिकेत दिलेलं कमी राखेचंच घाला. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच साठते.

प्रश्न : बीएस-६ मोटरसायकलच्या ऑक्सिजन सेन्सरची वायर काढल्यावर गाडी उचलते, असं मित्र सांगतो. – वाचक, कागल

उत्तर : मिश्रणात पेट्रोल वाढतं, म्हणून हलक्या थ्रॉटलला किंचित जोर वाटतो. फुल्ल थ्रॉटलला कॉम्प्युटर स्वतःच पेट्रोल वाढवतो, तिथं काही हाती लागत नाही. खात्री करायची तर वायर काढलेली असताना टाकी ऑटो-कटपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत) भरा, ३०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तसंच भरून हिशोब करा. मग वायर जोडून तेवढंच अंतर चालवा. वायर काढलेली असताना एकदा प्लगही काढून बघा, कोरडी काळी काजळी धरलेली दिसेल.