आधी मैदान शोध, फ्लॅट नंतर

लेका,

फुटबॉलचे स्टड बूट चुलतभावाला देऊन टाकलेस म्हणे. तुझ्या आईकडून कळलं, तू काय सांगितलं नाहीस. आणि मला मेसेज काय, तर सर जर्मन भाषेची बी-टू पातळी झाली, आता मेडिकल जर्मनची परीक्षा, मग जर्मनीत डॉक्टरकी करायचा परवाना, अप्रोबात्सिओन, सेटल झालो की फुटबॉलचं बघू. सेटल झालो की बघू! असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातला एकही नंतर मैदानावर दिसला नाही, दिसले ते गॅलरीत, पोरांना कुठं पास द्यायचा ते ओरडून सांगताना.

तू डॉक्टर चांगलाच होणार आहेस, त्यावर मी लिहीत बसत नाही. मला एवढंच म्हणायचंय की जाशील तिथं आधी मैदान शोध.

तू चाललायस तिथल्याच एका माणसाचं सांगतो, फर्डिनांड ह्युप्पे. जन्म १८५२ चा, ऱ्हाइनकाठच्या नॉयवीडचा. तिथं शाळेत इंग्लिश पोरं होती, त्यांच्या नादानं हा चेंडूमागं धावायला लागला. जर्मन फुटबॉलची सुरुवात म्हणून सगळे ब्राउनश्वाइगच्या कोनराड कोख मास्तरांचं नाव घेतात, त्यांनी शाळेत चेंडू आणला १८७४ ला, ह्युप्पेचा खेळ त्याच्याही आधीचा. पुढं बर्लिनला लष्करी डॉक्टरकी शिकला आणि दुसऱ्या कोखच्या हाताखाली गेला, रॉबर्ट कोख, टीबीचा जंतू शोधणारा आपला तो. दूध कशानं नासतं, ते आंबवणारे जंतू कुठले, यावर ह्युप्पेनं १८८४ ला काम छापलं. १८८९ ला प्रागच्या जर्मन विद्यापीठात हायजीनचा प्रोफेसर झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत, म्हणजे याच्यासाठी परदेशच, आणि चेक-जर्मन भांडण असं की विद्यापीठाचेसुद्धा १८८२ लाच दोन तुकडे झालेले. आता तूच सांग, परका मुलुख, नवीन खुर्ची, लॅब, लेक्चरं, तुझ्या हिशोबानं या माणसानं फुटबॉल कधी बघायला हवा होता? रिटायर झाल्यावर?

प्रागमध्ये जर्मन पोरांनी १८९६ ला डीएफसी प्राग नावाचा क्लब काढला, त्यात ज्यू पोरं पुष्कळ, आणि हे प्रोफेसरसाहेब त्यांच्यात. २८ जानेवारी १९०० ला लाइपझिगच्या एका रेस्टॉरंटमध्ये ८६ क्लबांच्या वतीनं लोक जमले, भांडले, मतदान केलं आणि जर्मन फुटबॉल फेडरेशन निघाली. पहिला अध्यक्ष ह्युप्पे, वय ४७. आपल्याकडं त्या वयाचा एचओडी पोरांनी कॉरिडॉरमध्ये चेंडू आपटला तर नोटीस काढतो.

आणि ऐक, ह्युप्पेला खेळ हा ड्यूटी संपल्यावरचा विरंगुळा वाटायचा नाही. कोखचा शिष्य असून तो कोखशीच भांडला, की नुसता जंतू शिरला म्हणजे रोग झाला असं नाही, शरीर कसल्या तयारीचं आहे तेही बघा. मग शरीर तयार कुठं होतं? मैदानावर. त्याचं शास्त्र आणि त्याचा खेळ एकाच जागी येऊन मिळाले होते. तू मात्र एक इकडं आणि एक तिकडं ठेवतोयस आणि वर म्हणतोस वेळ नाही.

पण त्याला देव करू नकोस हं. वंशशुद्धी, रासेनहायजीन म्हणतात ते, त्या विचारांच्या नादीही तो होता, त्यावर लिहिलंही त्यानं, आणि त्या रस्त्यानं जर्मनी पुढं कुठं गेली ते तुला माहितीये. क्लब तर ज्यू पोरांनी भरलेला. हे त्यानं स्वतःशी कसं जुळवलं असेल ते मला काही उमजत नाही. संघटनेतली घाणही होतीच. १९०३ ची पहिली नॅशनल चॅम्पियनशिप, सेमीफायनलला प्रागशी खेळायच्या कार्ल्सरूअवाल्यांना तार गेली की मॅच पुढं ढकललीय. तार खोटी. ते गेलेच नाहीत आणि प्राग न खेळता फायनलला, ज्या क्लबातला माणूस फेडरेशनचा अध्यक्ष तोच क्लब! तार कुणाची ते सापडलं नाही, पण फायनलला लाइपझिगनं ७-२ नं धुतलं, बरं झालं.

त्याच गोतावळ्यातला दुसरा डॉक्टर गुस मॅनिंग. लंडनला जन्मला, बर्लिनला वाढला, फ्रायबुर्गला मेडिकल करता करता १८९७ ला तिथला क्लब काढला, तोच क्लब १९०७ ला जर्मन चॅम्पियन. तोवर हा १९०५ लाच न्यूयॉर्कला गेलेला. तिथं जाऊन सेटल व्हायची वाट बघत बसला का? १९१३ ला अमेरिकेची फुटबॉल फेडरेशन झाली तिचा पहिला अध्यक्ष हाच, दवाखाना चालवत. १९४८ ला फिफाच्या कार्यकारिणीवर, आणि युद्धानंतर जर्मनीला फिफात परत घ्या म्हणणाऱ्यांतही हा, जन्मानं ज्यू असून. म्हणून म्हणतो, आधी मैदान शोध. त्यानं गावं बदलली, देश बदलले, मैदान प्रत्येक ठिकाणी शोधलंच.

तू म्हणशील सरांचं स्वतःचं काय. सांगतो. एमडीला एकदा नापास झालो, त्या वर्षी लीग खेळत होतो, आणि अख्ख्या डिपार्टमेंटनं दोन्हीची सांगड घातली. अजिबात संबंध नाही! पेपर वाईट गेला कारण मी फार्माकॉलॉजी वाचली नव्हती, आणि ती मी लीग नसतानाही वाचत नव्हतो. बायको अजून यावर हसते, हसू दे. पुढं गुडघा गेला तेव्हा मी लाइन्समन झालो, मग सिलेक्शन कमिटी, मग नुसता बर्फाची पिशवी घेऊन बसणारा डॉक्टर. पण आत राहिलो. सोडा म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर आज दवाखान्यात प्रमोशन एखादं जास्त असतं, असेना का.

तुला काय मोठ्ठं करायला सांगत नाहीये मी. जर्मनीत गावोगावी फेराईन, म्हणजे क्लब आहे, अगदी खालच्या जिल्हा पातळीच्या लीगपर्यंत टीमा असतात, संध्याकाळचं ट्रेनिंग असतं, बत्तीस वर्षांच्या पुढच्यांची तर आल्टे हेरेन म्हणून वेगळी टीमच असते. पहिल्या महिन्यात जा, भाषा तुटकी असली तरी जा. वॉर्डात पेशंटचं गावठी जर्मन कळेना म्हणून रडशील, ते तुला क्लासपेक्षा ड्रेसिंग रूममध्ये लवकर कळेल, कारण तिथं कुणी तुझ्यासाठी सावकाश बोलणार नाही.

आणि एक काम आत्ताच कर, पुढं ढकलू नकोस. तू आपल्या कोल्हापूरच्या केएसएच्या लीगला नोंदणी करून खेळलायस, त्यामुळं तिकडच्या क्लबला तुझा खेळाडूचा पास काढताना आपल्या फेडरेशनकडून इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट मागवावं लागणार. नोंदणीची कागदपत्रं, आयडी नंबर, शेवटच्या सीझनचं नाव-नोंद सगळं जायच्या आधी स्कॅन करून ठेव, नाहीतर तिथं पोचल्यावर तू मला फोन करशील आणि मला ऑफिसात खेटे घालावे लागतील, घालीन, पण शिव्या देत घालीन. स्टड भावाकडून परत आणू नकोस, त्याला मिळालेत तर खेळू दे. तिकडं ओल्या गवतावर वेगळेच लागतात, तिथंच घे.