निर्दोष सुटलो, तरी नावापुढे अटकेचीच बातमी

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस होतो. २०१६ मध्ये अपहाराच्या फिर्यादीवरून मला अटक झाली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने माझी निर्दोष मुक्तता केली. अटकेची बातमी एका संकेतस्थळावर आजही आहे. सुटकेची कोणी दिलीच नाही. मुलीसाठी आलेली दोन स्थळे गूगलवर माझे नाव पाहून माघारी गेली. ‘विसरले जाण्याचा हक्क’ मला मिळेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ज्या निकालामुळे हा हक्क, म्हणजे आपल्याविषयीची जुनी माहिती नावाच्या शोधात समोर येऊ नये असे मागण्याचा हक्क, जगभर चर्चेत आला, त्या युरोपीय न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालातच आपले अर्धे उत्तर आहे. एका स्पॅनिश गृहस्थांचे नाव शोधले की थकबाकीपोटी काढलेल्या लिलावाची १९९८ ची वृत्तपत्रीय सूचना समोर येत असे. असा दुवा नावाच्या शोधातून वगळण्याची जबाबदारी गूगलसारख्या शोधयंत्रावर येऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले. वृत्तपत्रातला मजकूर मात्र जागच्या जागी राहिला.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये माहिती पुसून घेण्याची तरतूद आहे खरी, पण ती आपण संमतीने दिलेल्या माहितीपुरती आहे, आणि अटकेची बातमी देताना आरोपीची संमती कोण घेतो? शिवाय नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार हे कलम अठरा महिन्यांनी अमलात यावयाचे आहे. त्यामुळे या कायद्यावर फार भिस्त ठेवू नये.

उरतो उच्च न्यायालयाचा मार्ग. अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका अर्जदाराचा निकाल शोधयंत्रांत दिसू नये, असा अंतरिम आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. उलट, निकाल संकेतस्थळावरून काढण्याच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. माझे स्पष्ट मत असे की, निकालपत्र पुसून घेण्याच्या मागे आपण लागूच नये, कारण आपल्या बाजूने बोलणारा तोच एक कागद आहे.

प्रथम निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ती त्या संकेतस्थळाच्या संपादकांना स्पीड पोस्टाने पाठवावी आणि मूळ बातमीतच निर्दोष मुक्ततेची नोंद करावी व आपले नाव गाळावे, अशी मागणी करावी. नुसते ‘बातमी काढा’ म्हणण्यापेक्षा ही मागणी नाकारणे संपादकांना जड जाते. गूगलकडेही त्यांच्या ठरावीक अर्जाद्वारे दुवा वगळण्याची विनंती करावी. दोन्हीकडून नकार आल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते; ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जात असल्याने मुंबईच्या खेपा वाचतील.

या सगळ्याला वेळ लागेल. तोवर पुढच्या स्थळाकडे पत्रिकेबरोबर निकालाची एक प्रत मध्यस्थांमार्फत आपणच पाठवावी. गूगलवर त्यांना काय दिसेल, याची वाट पाहू नये.